फ्रेंच वाइन, हवामान आणि बाटलीवरचं साल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेंच वाइन घेताना बहुतेक जण एखादा तक्ता उघडतात, त्यात सालासमोर दहापैकी नऊ किंवा शंभरपैकी पंच्याण्णव गुण असतात, आणि तेवढ्यावर निर्णय होतो. असा तक्ता संपूर्ण फ्रान्सला एकच आकडा देत असेल तर तो बाजूला ठेवावा. वर्षभरात पाऊस किती पडला, ऊन किती तापलं, यावरून फारसं कळत नाही. वेल कोणत्या अवस्थेत असताना ते झालं, हे पाहावं लागतं. खालची बहुतेक उत्तरं याच एका मुद्द्याकडे येतात.

बाटलीवरचं साल नेमकं कशाचं असतं?

द्राक्षं तोडली त्या वर्षाचं. बाटली भरल्याचं किंवा विक्रीला आल्याचं वर्ष वेगळं असू शकतं. नैऋत्य फ्रान्समधल्या बोर्डोची चांगली रेड वाइन दीड-एक वर्ष पिंपात राहते आणि तोडणीनंतर साधारण दोन वर्षांनी बाजारात येते. युरोपातल्या नियमानुसार साल छापायचं असेल तर किमान ८५ टक्के वाइन त्या वर्षाच्या द्राक्षांची लागते. साल छापलेल्या शॅम्पेनला ही सवलत नाही, तिथे १०० टक्के.

नाशिकच्या वाइनबाबत सालाची एवढी चर्चा होत नाही. फ्रान्सच्याच बाबतीत का?

नाशिककडे वेल थंडीने झोपत नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरत असताना गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या होतात. छाटणीची तारीख बागायतदार ठरवतो, म्हणजे पिकाचं वेळापत्रकही बऱ्याच अंशी तोच ठरवतो. द्राक्षं जानेवारी ते मार्चच्या कोरड्या दिवसांत पिकतात आणि पाणी ठिबकने मोजून देता येतं. अवकाळी पाऊस आणि गारपीट तिथेही घात करतातच, पण वर्षावर्षांतला फरक तुलनेने कमी राहतो.

फ्रान्समध्ये वेल हिवाळाभर सुप्त असते आणि मातीत, हवेत ऊब आली की जागी होते. ती तारीख कुणाच्या हातात नसते. शॅम्पेन हा प्रदेश जवळजवळ ४९ उत्तर अक्षांशावर आहे. तिथे द्राक्ष पिकण्याएवढी उष्णता कशीबशी मिळते. शिवाय एओसी (प्रदेशाच्या नावाने वाइन विकण्याचा कायदेशीर दर्जा) असलेल्या बागांना वाढीच्या काळात पाणी देण्यावर सर्वसाधारणपणे बंदी आहे आणि खास परवानगीशिवाय ठिबक चालवता येत नाही. त्यामुळे आभाळातून जे येतं तेच वेलीला मिळतं.

वेलीचं वर्ष कसं चालतं?

मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत काडीवरचे डोळे, म्हणजे कोंबांच्या कळ्या, फुटतात. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत फुलोरा येतो आणि लगेच मणी धरतात. जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला मण्यांत पाणी उतरतं, म्हणजे मणी मऊ होतात आणि रेड जातींना रंग चढतो. फुलोऱ्यापासून साधारण १०० दिवसांनी तोडणी. हा शंभराचा हिशेब ढोबळ आहे, पण बागायतदार अजूनही तोच धरून मजुरांची जुळवाजुळव करतात. गरम वर्षी तो आकडा कमी होतो.

जातींचं घड्याळही वेगवेगळं असतं. शार्डोने आणि पिनो न्वार लवकर फुटतात, लवकर पिकतात. मेर्लो त्यांच्या मागून, आणि काबर्ने सोव्हिन्यों मेर्लोच्याही आठवडा-दोन आठवडे मागे. एकाच वादळाने शेजारच्या दोन बागांचं नशीब वेगवेगळं होतं, त्याचं मोठं कारण हे आहे.

हिवाळ्यातल्या थंडीने नुकसान होतं का?

क्वचित. सुप्त वेल उणे १५ अंशांपर्यंत सहसा टिकते. फेब्रुवारी १९५६ मध्ये मात्र पारा त्याखाली घसरला. त्याआधीचा जानेवारी उबदार गेल्यामुळे वेलींत रस चढू लागला होता. बोर्डोतल्या पोमरोल आणि सँ-तेमिलिओं भागातल्या असंख्य वेली मुळापासून गेल्या आणि पुन्हा लागवड करावी लागली.

मग एप्रिलच्या थंडीचा एवढा धसका का?

फुटलेला कोवळा डोळा उणे २ अंशांच्या आसपास मरतो, आणि तो ओला असेल तर त्याहूनही आधी. पेशींतल्या पाण्याचा बर्फ होतो, पेशी फाटतात आणि ऊन पडल्यावर कोंब तपकिरी होऊन लोंबतो. वेल नंतर राखीव डोळ्यातून पुन्हा फुटते, पण त्या फुटव्यावर घड फार थोडे असतात आणि ते उशिरा पिकतात.

२०२१ हे याचं ठळक उदाहरण. मार्चअखेर फ्रान्सच्या बऱ्याच भागांत तापमान २५ अंशांच्या वर गेलं आणि डोळे भराभर फुटले. पुढच्याच आठवड्यात, ६ ते ८ एप्रिलच्या रात्रींत, पारा शून्याच्या बराच खाली गेला. बर्गंडीतले शाब्ली आणि कोत द बोन, तसंच जुरा, ल्वार, बोर्डो, ऱ्होन, अगदी लांगदोकपर्यंत फटका बसला. बर्गंडीत शार्डोनेचं नुकसान पिनो न्वारपेक्षा जास्त झालं, कारण ती पुढे गेली होती. त्या वर्षी देशाचं एकूण उत्पादन पावणेचार कोटी हेक्टोलिटरच्या (एक हेक्टोलिटर म्हणजे १०० लिटर) आसपास उतरलं.

मार्च थंडच राहिला असता तर हीच थंडी विशेष काही करू शकली नसती. खरा घात उबदार मार्चने केला.

गोठणाऱ्या रात्री बाग वाचवतात कशी?

चार मार्ग आहेत आणि प्रत्येकाची मर्यादा स्पष्ट आहे.

पहिला मार्ग पॅराफिनच्या बादल्यांचा. वेलींच्या ओळींमध्ये हेक्टरी ३०० ते ५०० बादल्या ठेवतात आणि रात्री दोन-तीनच्या सुमारास एकेक करून पेटवतात. एक बादली साधारण आठ तास जळते. हवा दोन-तीन अंशांनी वाढते, त्याहून जास्त नाही. सलग तीन रात्री थंडी पडली तर बादल्या संपतात आणि माणसंही थकतात. खर्च इतका येतो की साध्या वाइनच्या बागेला तो परवडत नाही.

दुसरा मार्ग तुषार सिंचनाचा. शाब्लीत तो जुना आहे. कोंबावर पाणी गोठताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे बर्फाच्या कवचाआड कोंबाचं तापमान शून्याच्या जवळपास टिकतं. एका हेक्टरला तासाला ३५ ते ४० घनमीटर पाणी लागतं. पारा शून्यावर येण्याआधी पंप सुरू करायचा आणि सकाळी बर्फ आपोआप वितळू लागेपर्यंत एक क्षणही थांबवायचा नाही. मध्येच पंप बंद पडला किंवा नोझल गोठून तुंबलं, तर ओल्या कोंबावरून बाष्पीभवन सुरू होतं आणि तो कोरड्या कोंबापेक्षाही जास्त गारठतो. पाणी न दिलेल्या बागेहून अशा बागेचं नुकसान मोठं असतं.

तिसरा मार्ग मोठ्या पंख्यांचा. स्वच्छ, निवांत रात्री थंड हवा जमिनीलगत साचते आणि काही मीटर वर उबदार थर असतो. पंखा तो थर खाली ओढतो. एक पंखा चार ते सहा हेक्टर सांभाळतो. मात्र थंडी वाऱ्यावर स्वार होऊन आली असेल तर वरही उबदार हवा नसते, आणि पंखा फक्त थंड हवा ढवळत बसतो.

चौथा मार्ग सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत कमी वापरला जाणारा: उशिरा छाटणी. काडीच्या टोकाचे डोळे आधी फुटतात. काड्या लांब ठेवून अंतिम छाटणी मार्चअखेरपर्यंत लांबवली तर खालचे, कामाचे डोळे काही दिवस मागे राहतात. मोठ्या बागेत सगळ्या वेली शेवटच्या दोन आठवड्यांत छाटायला माणसं मिळत नाहीत, ही अडचण खरी आहे. म्हणून निदान सखल भागातल्या, थंडी साचणाऱ्या ओळी शेवटी घ्याव्यात.

फुलोऱ्यात पाऊस पडला तर काय होतं?

वेलीच्या फुलाचं परागीभवन बहुतांशी त्याच फुलात होतं. थंडी-पावसात फुलाची टोपी नीट गळत नाही, परागकण चिकट होतात आणि फुलगळ होते. काही मणी बीजाविना राहतात आणि बारीकच राहतात. घडात वाटाण्याएवढे आणि मोहरीएवढे मणी शेजारी शेजारी दिसतात. मेर्लो याला फार बळी पडते. १९८४ मध्ये बोर्डोत मेर्लोचं पीक जवळजवळ बुडालं होतं, २०१३ लाही तिला मोठा फटका बसला.

फुलगळ झाली म्हणजे वाइन वाईट, असं मात्र नाही. १९६१ मध्ये बोर्डोत मेअखेरची थंडी आणि फुलगळ यांनी पीक फारच कमी केलं. पुढे उन्हाळा कोरडा गेला. उरलेल्या थोड्या घडांत सगळी ताकद एकवटली, आणि तो हंगाम विसाव्या शतकातल्या उत्तम हंगामांत गणला जातो. २०१३ ला तसा उन्हाळा टिकला नाही, शरदात कुज आली आणि कमी पिकाचा काही फायदा झाला नाही.

पावसाळी वसंतात डाऊनी हा बुरशीजन्य रोग येतो का?

येतोच. महाराष्ट्रातल्या बागायतदारांना डाऊनी आणि भुरी नव्याने सांगायला नकोत. फ्रान्समध्ये पहिल्या लागणीसाठी तीन दहांचा ठोकताळा वापरतात: फुटवा १० सेंटिमीटर, तापमान १० अंश आणि दोन दिवसांत १० मिलिमीटर पाऊस. तिन्ही जुळले की फवारणीची घाई. फवारणी झाली आणि पाठोपाठ जोराचा पाऊस आला की स्पर्शजन्य औषध धुऊन जातं, चिखलात ट्रॅक्टर शिरत नाही, आणि काही दिवसांत पानांवर तेलकट डाग उठतात.

आपल्याकडे घरोघरी माहीत असलेलं बोर्डो मिश्रण याच रोगासाठी, बोर्डोतच जन्मलं. १८८० च्या दशकात तिथल्या मेदोक भागात रस्त्यालगतच्या वेलींवर चोरांना दूर ठेवायला मोरचूद आणि चुना शिंपडत असत. त्या वेली निरोगी राहिल्याचं प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आलं. आज युरोपात तांब्यावर मर्यादा आहे: सात वर्षांत हेक्टरी २८ किलो. सेंद्रिय बागांना तांब्याला समर्थ पर्याय नसल्यामुळे सततच्या पावसाच्या वर्षी त्यांची कोंडी होते. २०१८ ला बोर्डोतल्या काही नामांकित सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक बागांचं बहुतेक पीक डाऊनीने गेलं, आणि तरीही उरलेल्या द्राक्षांची वाइन उत्कृष्ट झाली, कारण जुलैपासून हवा कोरडी आणि गरम झाली होती. २०२३ आणि २०२४ लाही डाऊनीने पिच्छा पुरवला.

गारपिटीचं नुकसान किती पसरतं?

अरुंद पट्ट्यात. एका गावाचं सगळं जातं आणि पलीकडच्या टेकडीवर पानही फाटत नाही. बर्गंडीतल्या पोमार, व्होल्ने आणि बोन परिसराला २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षं गारांनी झोडपलं. १ मे २०२४ ला शाब्लीच्या काही भागांवर गारा पडल्या.

तारखेवर इथेही सगळं अवलंबून आहे. मेमधली गार कोंब तोडते, वेल थोडंफार सावरते. जुलैमधली गार हिरवे मणी फोडते. नंतर ऊन पडलं तर फुटके मणी वाळून गळतात, बाकीचे वाचतात. ऑगस्टअखेरची गार सर्वांत वाईट, कारण मण्यांत साखर असते आणि कुज लगेच धरते. काडीला जखमा झाल्या तर पुढच्या वर्षीचं पीकही घटतं. ओळीच्या दोन्ही बाजूंना जाळी लावणं हा खात्रीचा उपाय, आणि बर्गंडीत त्याला २०१८ पासून परवानगी आहे. आकाशात सिल्व्हर आयोडाइडचे कण सोडणारी यंत्रंही वापरतात, पण त्यांच्यावर एकट्यांवर कुणी विसंबत नाही.

उन्हाळा जितका कडक तितकी वाइन चांगली?

एका मर्यादेपर्यंत. साधारण ३५ अंशांच्या वर वेल पानांची छिद्रं मिटून घेते आणि पिकणं थांबतं. उष्णतेत मण्यांतलं मॅलिक आम्ल जळून जातं. साखर वाढलेली, आम्ल उतरलेलं आणि सालीतलं टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) अजून कच्चं, असा बेमेळ तयार होतो. २००३ ला हेच झालं. बोन आणि शॅम्पेनमध्ये ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातच तोडणी सुरू झाली, आणि एरवी निषिद्ध असलेलं आम्ल मिसळण्याची खास परवानगी द्यावी लागली. त्यातही बोर्डोतल्या सँतेस्तेफच्या चिकणमातीने ओल धरून ठेवली आणि तिथल्या वाइन छान उतरल्या. हलक्या जमिनीतल्या वेली होरपळल्या.

२०२२ देखील उष्ण आणि कोरडं होतं, तरी बोर्डोच्या वाइनमध्ये ताजेपणा राहिला. कोरड लवकर सुरू झाली, मणी पहिल्यापासून लहान राहिले आणि वेलीने पानं-फुटवे आवरते घेतले. भर वाढीत अचानक आलेली लाट मात्र वेलीला सावरू देत नाही. २८ जून २०१९ ला दक्षिणेत गार (Gard) आणि एरो (Hérault) या भागांत पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा घडच्या घड भाजले. नुकतीच गंधकाची फवारणी झालेल्या बागांत जास्तच. आता बरेच बागायतदार फक्त सकाळच्या उन्हाच्या, म्हणजे पूर्वेकडच्या बाजूची पानं काढतात आणि पश्चिमेची ठेवतात.

एकाच वर्षी एका प्रदेशात उत्तम आणि दुसऱ्यात वाईट, असं खरंच होतं?

नेहमी. २००२ घ्या. बर्गंडी आणि शॅम्पेनमध्ये सप्टेंबरच्या कोरड्या वाऱ्यांनी हंगाम सुरेख केला. बोर्डो मध्यम. आणि दक्षिण ऱ्होनमध्ये ८ आणि ९ सप्टेंबरला ढगफुटीसारखा पाऊस होऊन पूर आला. तिथल्या शातोनफ-द्यु-पाप भागाचा हंगाम वाहून गेला.

बोर्डोच्या आतही नदीच्या दोन काठांत फरक पडतो. १९६४ आणि १९९८ ला उजव्या काठावरची मेर्लो पावसाआधी घरात आली होती, डाव्या काठावरची काबर्ने मात्र भिजली. १९९६ ला उलट झालं: कोरड्या शरदाने काबर्नेला पूर्ण पिकायला वेळ दिला. ‘बोर्डो १९९८ कसं?’ या प्रश्नाला म्हणूनच ‘कुठलं गाव?’ असा प्रतिप्रश्न करावा लागतो.

तोडणीच्या तोंडावर पाऊस आला तर काय करतात?

वेल पाणी ओढते, मणी फुगतात, चव पातळ होते. साल तडकली की राखाडी कुज शिरते. बागायतदारापुढे दोनच वाटा असतात: पावसाआधी थोडी कच्ची तोडायची, किंवा वारा येऊन बाग वाळेल या आशेवर थांबायचं. ऱ्होनमध्ये मिस्त्राल हा कोरडा वारा सुटला तर थांबणं फळतं, कारण तो एक-दोन दिवसांत बाग खडखडीत करतो. पिनो न्वारची साल पातळ आणि घड गच्च, तिथे थांबणं धोक्याचं. आत आलेली द्राक्षं निवड-टेबलावर हाताने साफ करावी लागतात. साखर कमी पडली तर उत्तरेकडच्या प्रदेशांत किण्वनात साखर मिसळायला मुभा आहे. एक टक्का अल्कोहोल वाढवायला लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम लागते.

शॅम्पेनच्या बहुतेक बाटल्यांवर साल का नसतं?

कारण तिथलं हवामान भरवशाचं नाही. चांगल्या वर्षांची वाइन राखून ठेवतात आणि दरवर्षीच्या मिश्रणात घालतात. अशी बाटली किमान १५ महिने तळघरात राहते. साल छापलेली शॅम्पेन त्या वर्षाला दाद म्हणून काढतात; तिला किमान ३ वर्षं ठेवावं लागतं.

सोतेर्नमध्ये, बोर्डोच्या गोड वाइनच्या भागात, धुकं हवंसं का असतं?

तिथे सगळा हिशेब उलटा आहे. सिरों या छोट्या नदीचं गार पाणी गारोनच्या उबदार पाण्याला मिळतं आणि शरदात सकाळी धुकं धरतं. त्या ओलीत बोट्रायटिस बुरशी पिकलेल्या सेमियों जातीच्या द्राक्षांवर वाढते, आणि दुपारच्या उन्हात मण्यातलं पाणी उडून साखर घट्ट होते. सकाळ ओली आणि दुपार कोरडी, दोन्ही लागतात. दुपारही ओली राहिली की तीच बुरशी राखाडी कुज होते. बुरशी सारखी पसरत नाही, म्हणून तोडणारे एकाच ओळीतून अनेक फेऱ्या मारतात आणि फक्त सुरकुतलेले मणी घेतात. हेक्टरी २५ हेक्टोलिटर ही कायदेशीर कमाल आहे. तिथल्या शातो दिकेम या नामांकित उत्पादकाने १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ ला वाइन काढलीच नाही.

हवामानबदलाने काय बदललं?

बोनच्या तोडणीच्या नोंदी १३५४ पासून जोडून अभ्यासल्या गेल्या आहेत. १९८८ नंतर तोडणी आधीच्या सहा शतकांच्या सरासरीहून सुमारे १३ दिवस आधी येते. कच्ची, आंबट वर्षं दुर्मीळ झाली. डोळे लवकर फुटत असल्याने एप्रिलची थंडी मात्र पूर्वीपेक्षा जास्त छळते. बोर्डोत २०२१ पासून सहा नव्या जातींना मान्यता मिळाली, त्यांत मार्सेलान आणि पोर्तुगालची तुरिगा नासियोनाल आहे. लागवडीच्या ५ टक्के आणि मिश्रणाच्या १० टक्क्यांची मर्यादा घालून.

मग बाटली निवडताना साल कसं वापरावं?

आधी प्रदेश बघा, मग जात, मग त्या हंगामात काय कधी झालं. थंड, ओल्या वर्षाच्या वाइन हलक्या आणि लवकर पिण्याजोग्या असतात. २०२१ ची बर्गंडी रेड तशी आहे आणि जेवणाबरोबर छान लागते. उष्ण वर्षाच्या पांढऱ्या वाइनमध्ये आम्ल कमी असू शकतं, त्या फार साठवू नयेत. कठीण वर्षी काळजीपूर्वक निवड करणारा उत्पादक घ्यावा. उत्तम वर्षी मात्र छोट्या, साध्या उत्पादकाची बाटलीही निराश करत नाही, आणि पैसे तिथेच वाचतात.

पुण्या-मुंबईत ठेवलेल्या बाटलीला सालाचा काही उपयोग राहतो का?

साठवण नीट असेल तरच. १२ ते १४ अंश, अंधार, कॉर्क ओला राहील अशी आडवी बाटली. एप्रिल-मेमध्ये बंद कपाटात ३५ अंश गाठलेली बाटली काही आठवड्यांतच शिजल्यासारखी होते, मग साल कोणतंही असो. दुकानात घेताना कॉर्क बाटलीच्या तोंडापेक्षा वर आलाय का, कॅप्सूलखाली (तोंडावरच्या वेष्टणाखाली) चिकट डाग आहे का आणि वाइनची पातळी मानेखाली घसरली आहे का, हे तपासा. यांपैकी एकही खूण दिसली तर ती बाटली परत ठेवा.